माझा बघण्याचा कार्यक्रम

मी एक आरव्ही बोलतेय. म्हणजे चाकांवरचं घर. आत ओटा, बिछाने, बाथरूम, सगळं आहे. चाकं आहेत खरी, पण कित्येक वर्षांत मी वीतभरसुद्धा हललेले नाही. हसू नका! विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर माझी जागा सीझनभरासाठी घेतलेली असते. मे महिन्यात मला उघडतात, ऑक्टोबरात नळांतलं पाणी काढून कुलूप लावतात आणि बर्फात मी खुशाल झोपते.

माझी माणसं शिकागोजवळच्या नेपरव्हिलची. अतुल, त्याची बायको उपासना आणि लेक अनिका. शुक्रवारी संध्याकाळी येतात. उपासना भाजीला फोडणी घालते, माझा स्मोक अलार्म कोकलतो आणि अनिका टॉवेलने वारा घालत धावते. अलार्म वाजला की शेजारची मार्लीन ओळखते, जेवण तयार आहे. येते ती ताट घेऊनच! उपासना म्हणते, अमेरिकेत आल्यापासून हक्काची शेजारीण तिला इथेच मिळाली.

पण अतुलचं बिनसलं. त्याला माझ्यातून सगळी अमेरिका बघायची होती, आणि दर वीकेंडला आपलं तेच तळं. यंदा मे महिन्यात त्याने मला विकायला काढलं. उपासनाने अबोला धरला.

गिऱ्हाईक म्हणून एक अमेरिकन जोडपं आलं ते नेमकं बुद्धपौर्णिमेला. अतुलची आई, कमलाआजी, नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी खीर केली होती, आणि आज दारात आलेला माणूस खीर न खाता जाणं त्यांना चालणारच नव्हतं. त्यांनी त्या नवरा-बायकोला खुर्च्या दिल्या, वाट्या भरून दिल्या. झालं! मुलगी बघायला पाहुणे यावेत तसा थाट. मी लाजून चूर.

अतुल माझे गुण सांगू लागला. पुढचा लाकडी डेक त्याने स्वतः बांधलाय. अनिका पोहायला शिकली ती इथल्याच तळ्यात. छतावर पाऊस वाजायला लागला की झोप कशी मस्त लागते. तो काही थांबेचना. पाहुणे खूश. म्हणाले, आजच व्यवहार करून टाकू.

अतुलचे डोळे भरून आले.

"काय म्हणून राहिले रे ते?" आजींनी विचारलं.

"पसंत आहे म्हणतात."

"मग तू काहून रडून राहिला?"

अतुलने उपासनाकडे बघितलं. मग पाहुण्यांची माफी मागितली आणि सांगितलं की गाडी विकायची नाही. ते बिचारे चांगले निघाले. रागवायचं सोडून त्यांनी आणखी खीर मागितली. उपासना डोळे पुसत हसली आणि म्हणाली, "अमेरिका बघायला आपण विमानाने जाऊ."

कधी इकडे आलात तर या हं. निवांत बसा, जेवून जा. पण माझी किंमत विचाराल तर याद राखा!