वरून ओतलेलं पाणी

कंपनीनं आमच्या वस्तीला पाण्याची टाकी दिली ती चौदा एप्रिलला. पंच्याऐंशी साल होतं. दिवस काही उगाच निवडलेला नव्हता. वस्तीभर निळे झेंडे लागलेले, पोरं नवे कपडे घालून हिंडत होती, आणि अशात सातपूरहून कंपनीची गाडी आली. गाडीतून एक गोरेपान साहेब उतरले. त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मग टाकीचा नळ सोडून ग्लास भरला आणि सगळ्यांच्या देखत गटागटा प्याले. म्हणाले, "आमच्या कारखान्यातून नाल्यात जाणारं पाणी इतकं स्वच्छ केलेलं असतं, की त्या नाल्याकाठच्या बोअरवरून या टाकीत आलेलं पाणी मी आज तुमच्यासमोर पितोय." टाळ्या पडल्या. माझे सासरे सावळीराम, त्यांना मी मामा म्हणते, उपरण्यानं डोळे पुसत होते. त्यांचा जन्म रेल्वेत रूळ ठोकण्यात गेला, सासूबाई गेल्या तेव्हाही ते गप्पच होते. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

साहेब खरंच पाणी प्याले, त्यात काही हातचलाखी नव्हती. एक ग्लास प्याले आणि गाडीत बसून निघून गेले. एका ग्लासानं कुणाला काय होतंय? ते पाणी उठल्यापासून निजेपर्यंत आम्हाला प्यायचं होतं.

टाकी अशी अचानक का आली, ते मला नंतर उमगलं. नाल्याच्या पलीकडे रावजीचा मळा होता. त्याची नाल्याच्या पाण्यावरची कोथिंबीर आणि मेथी उगवली तशी करपायला लागली, म्हणून त्यानं कंपनीविरुद्ध सरकारात अर्ज केला होता. अर्जाला उत्तर तर द्यायला हवं. माणसं इथलं पाणी पितात, याहून मोठं उत्तर कुठलं? म्हणून ती माणसं शोधायला साहेब आमच्या वस्तीत आले, झेंडे आणि हार बघून आले.

रावजी स्वतः येऊन सांगून गेला होता. वस्तीच्या तोंडाशी सायकल उभी करून म्हणाला, "त्या नळाचं पाणी पिऊ नका. नाला सडलाय, बोअरला तेच झिरपतंय." आता हे कोण सांगत होतं? ज्याच्या बापानं आमच्या माणसांना पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नव्हता, त्याचा मुलगा.  तो गेल्यावर मामा म्हणाले, "आपल्या दारात नळ आला, ते बघवंना त्यांना." सगळी वस्ती तेच म्हणाली. मीही तेच म्हणाले असते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पाणी अडवलं, त्यांनी एक दिवस येऊन 'पाणी पिऊ नका' म्हटलं, तर माणूस दुसरं काय समजेल? कंपनीला हे बरोबर ठाऊक होतं. आमची जुनी विहीर तर पोरं पडतात म्हणून पंचायतीनं त्याच उन्हाळ्यात बुजवूनही टाकली.

माझी मालन तेव्हा दोन वर्षांची होती. सासूबाईंचं नाव तिला मामांनी ठेवलेलं. टाकीच्या पाण्यात भात शिजवला की पिवळट दिसायचा, हे सगळ्यांनाच दिसत होतं, पण कुणी तांदळावर ढकललं, कुणी भांड्यावर. मग मालनच्या ओठांच्या कडा फुटल्या, तिथं फोड आले. पोटाशी पाय घेऊन ती कळवळायची आणि खाल्लेलं ओकून टाकायची. दवाखान्यात डॉक्टरांनी पुड्या दिल्या आणि बाहेरचं खाऊ देऊ नका म्हणून सांगितलं. बाहेरचं द्यायला आमच्याजवळ होतं काय?

श्रावणात मी तिला घेऊन माहेरी नांदगावला गेले. तिथं आठवडाभरात तिचे ओठ भरून आले, भाकरी मागून मागून खायला लागली. आई म्हणाली, "हिला काय झालंय गं? धडधाकट तर हाय." परत आले आणि चार दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं. मग मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

पोरीला कायमचं माहेरी ठेवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पाणी उकळलं. तुरटी फिरवली. लुगड्याच्या चार घड्यांतून गाळलं. मालन तशीच ओकत राहिली. सातपूरच्या कॉलनीतल्या नळावर कळशी घेऊन गेले, तर बायका म्हणाल्या, आमचंच आम्हाला पुरत नाही, आणि माझी कळशी पायानं बाजूला सारली. माझे मालक धोंडीराम त्याच कंपनीत हेल्पर होते. त्यांना मी सांगितलं, तुमच्या साहेबांना बोला. ते खाली मान घालून म्हणाले, "मला पर्मनंट करायची ऑर्डर निघायची हाय. आता तोंड उघडलं तर उद्या गेटवरून माघारी यावं लागंल." मला त्यांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली.

शेवटी मी रावजीच्या मळ्यात गेले. त्याची पिण्याची विहीर नाल्यापासून लांब, वरच्या अंगाला खडकात होती. रावजीची बायको सिंधुबाई विहिरीवरच होती. मी सगळं सांगितलं. ती मनानं चांगली होती. मालनच्या ओठांना बोट न लावता तिनं ते वाकून पाहिले आणि म्हणाली, "ने गं पाणी. रोज ने. पण तू रहाटाला हात नको लावू. मला काय नाय वाटत, पण आत्याबाई बघत्यात." तिची सासू यशोदाबाई ओट्यावर बसून आमच्याकडेच पाहत होती. मी कळशी खाली ठेवली आणि चार पावलं मागे सरले. सिंधुबाईनं पोहरा उंच धरून वरून पाणी ओतलं. निम्मं सांडलं. पाण्याबरोबर माझ्या अंगावर लाज पडत होती, ती कशानं पुसायची ते मला कळत नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ होत्या.

पण मालन बरी झाली. फोड वाळले, रात्री झोपायला लागली. मग मी रोज जायला लागले. घरी सांगायचे, कॉलनीतून आणलं.

वस्तीत असली गोष्ट किती दिवस झाकणार? शेजारणीनं मामांच्या कानावर घातलं. संध्याकाळी मी भाकरी थापत होते. ते समोर येऊन बसले.

"हे पाणी कुणाच्या विहिरीचं?"

"रावजीच्या."

"तू शेंदलंस?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

"वरून घेतलंस का?"

"व्हय, मामा."

 ते चुलीकडे बघत म्हणाले, "माझी आई पाणवठ्यावर दिवसभर उन्हात उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून एक घागर ओतायचे. मी तिचा पदर धरून उभा असायचो. छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा मी शपथ घातली, ह्या घरातलं माणूस तहानेनं मरंल, पण असं पाणी घेणार नाय."

"मामा, तुमच्या आईला मी नावं ठेवते का?" मी म्हटलं. "पण मालनला टाकीचं पाणी पचत नाय. ती मरंल."

"कंपनीचा साहेब सगळ्यांदेखत प्यायला."

"तो एकदा प्यायला. त्याच्या घरी कुठल्या नळाचं पाणी येतं, ते विचारलं का कुणी?"

मामा उठले. टाकीवर गेले, तांब्या भरला, माझ्यासमोर उभे राहून सगळा प्याले, मग दुसरा भरून प्याले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं जेवण सोडलं.

दिवाळी झाल्यावर रावजीच्या अर्जाची चौकशी लागली. सरकारी साहेब आले, कंपनीचे तेच गोरे साहेब आले, रावजी आणि त्याची बायको आली. टाकीपाशी सगळी वस्ती जमली. सरकारी साहेबांनी मामांना विचारलं, "आजोबा, तुम्ही हे पाणी पिता?"

"पितो की," मामा म्हणाले. "आमच्या हक्काचं पाणी हाय."

रावजी म्हणाला, "साहेब, ह्या पाण्यानं माझं पीक जळतंय."

"माणसं तर ठणठणीत दिसतायत," सरकारी साहेब म्हणाले आणि कागद मिटायला लागले.

तेव्हा माझा धीर सुटला. मी मालनला उचलून पुढं गेले. म्हटलं, "साहेब, हिच्या ओठांवरचे वण बघा. हे पाणी प्यायली तेव्हा पोर मरायला टेकली व्हती. मी पाणी बदललं म्हणून ती आज उभी हाय. भात शिजवून बघा, पिवळा व्हतोय." सरकारी साहेबांनी कागद पुन्हा उघडला. खरंच उघडला. क्षणभर मला वाटलं, झालं, सुटलो.

कंपनीच्या साहेबांनी अगदी मायेनं विचारलं, "मग ताई, आता तुम्ही पाणी कुठून आणता?"

"रावजीच्या विहिरीवरून."

"अरे वा. तुम्ही स्वतः काढता?"

 सिंधुबाईनं मान खाली घातली. मला कळत होतं, की पायाखाली खड्डा आहे. पण खोटं बोलले असते, तर मालनचं खरं कोण मानणार होतं?

"त्या वरून ओतत्यात," मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी चेहरा असा दुःखी केला, की जसं काही त्यांच्याच अंगावर पाणी पडलंय. सरकारी साहेबांकडे वळून म्हणाले, "बघा, अर्ज कोण करतंय. आज पंच्याऐंशी सालातही यांना या लोकांच्या हाताचा विटाळ होतो. आम्ही या लोकांच्या दारात नळ दिला, तो यांना खुपतोय. कोथिंबीर हे निमित्त आहे."

वस्तीतले तरुण पेटून उठले. ते उठणारच. साहेब बोलत होते त्यातला विटाळ खराच होता, तो मी अंगावर घेतला होता. पण मालनच्या ओठांकडे मग कुणीच पाहिलं नाही. मी "भात बघा, भात बघा" म्हणत राहिले आणि माझा आवाज त्या गलक्यात बुडून गेला. कंपनीनं स्वतःची जीप दिली, त्यात बसून मामा आणि तरुण मंडळी चौकीत गेली. रावजीवर, त्याच्या बायकोवर आणि म्हातारीवर केस झाली.

वरून ओतणं हा गुन्हाच होता, ते मला कुणी शिकवायला नको. पण त्या गुन्ह्याच्या आड कंपनी किती आरामात लपली, याचा संताप मला आजही आवरत नाही. चौकशीत ठरलं, की अर्ज आकसानं केलेला आहे. टाकीवर निळ्या अक्षरांत पाटी लागली, 'निर्मळ पाणी, निर्मळ परिसर'. धोंडीरामांची ऑर्डर निघाली. त्यांनी पेढे आणले आणि कोपऱ्यात ठेवून दिले. घरात कुणी पुडा सोडला नाही.

रावजीनं मळ्याच्या फाटकाला कुलूप लावलं. मालन पुन्हा टाकीचं पाणी प्यायला लागली. तिच्या ओठांना पुन्हा फोड आले आणि ह्या वेळी ओकारीत रक्ताची रेघ दिसली. ती मामांच्या मांडीवरच ओकली. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तिचं तोंड पुसलं, सोग्याकडे पाहिलं, उठले आणि कोपऱ्यातली कळशी उचलली. कुठं निघालात, हे मी विचारलं नाही. मालनला कडेवर घेऊन मागोमाग गेले.

रावजीच्या फाटकाबाहेर मामांनी कळशी खाली ठेवली. रावजी आतून आला. त्याच्या मागं दारात सिंधुबाई उभी होती.

"रावजी, पोरीला पाणी पाहिजे," मामा म्हणाले.

"बाबा, वकिलानं सांगितलंय, तारखा संपेस्तोवर वस्तीतल्या कुणाला आत घ्यायचं नाय. पाणी दिलं तरी अंगावर येतंय, नाय दिलं तरी येतंय. तुम्हीच केस घातली."

"मी आत येत नाय. विहिरीला हात लावत नाय. तू वरून ओत."

"बाबा, असं नका बोलू."

"मीच म्हणतो, वरून ओत. कुठं बोलणार नाय."

आणि मामा खाली वाकले. फाटकाच्या गजांतून दोन्ही हात आत घालून त्यांनी ओंजळ धरली. बोटं घट्ट जुळलेली, मनगटं टेकलेली. हे त्यांना लहानपणापासून येत होतं. सिंधुबाई तोंडाला पदर लावून रडायला लागली, पण जागची हलली नाही. रावजी मान फिरवून उभा राहिला. मामा तसेच वाकून राहिले. मी म्हटलं, "मामा, चला." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी हात बाहेर काढले.

रिकामी कळशी घेऊन आम्ही वस्तीत परत आलो. मामा घरात गेले नाहीत. टाकीपाशी थांबले, कळशी नळाखाली ठेवली आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकून मालन माझ्या कडेवरून हात पसरून "पानी, पानी" करत रडायला लागली. दुसरं पाणी कुठंच नव्हतं. मामांनी पेला भरला, तिच्या तोंडाजवळ नेला, पण त्यांचा हात पुढं जाईना. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले. मी तिला पाजलं.