तिसऱ्या रांगेतली खिडकी

"दीदी, आप तो रिटायर हो रही हो. सीट किसको दोगी?"

दुलारिन साहूनं हे भर बसमध्ये विचारलं आणि पुढच्या-मागच्या दहा-बारा माना माझ्याकडे वळल्या. म्हातारीच्या पाटल्या कुणाला, हा प्रश्न लोक निदान स्वयंपाकघरात जाऊन, आवाज खाली आणून विचारतात. इथे तेवढीही लाज नाही. मी हातातलं टॅटिंग मांडीवर ठेवलं.

"अभी तीन महीने बाकी हैं. तब तक तो बैठने दो," मी म्हटलं.

तसा दुलारिनचा दोष नाही. मंत्रालय जुन्या शहरातून उचलून नव्या रायपूरला नेलं, तेव्हापासून आम्ही बाबू मंडळी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास या स्टाफ बसमध्ये काढतो. रस्ते सहा पदरी, बस मात्र आमच्यासारखीच, निवृत्तीला आलेली. ही चुकली तर दुसरी कधी मिळेल ते देवाला ठाऊक. सीटचं कुठे लिहिलेलं नाही, पण कायदा पक्का आहे. ज्याची सीट त्याचीच. आणि रिटायर होणाऱ्यानं शेवटच्या दिवशी, परतीच्या फेरीला, हातावर नारळ ठेवून आपली सीट ज्याला द्यायची त्याला द्यायची. माझी तिसऱ्या रांगेतली, डावीकडच्या खिडकीची. खाली चाक नाही, इंजिनाची धग नाही, आणि काच चक्क उघडते. त्या सीटवर सगळ्यांचा डोळा होता, आणि का नसावा?

माझा जीव मात्र सीटमध्ये नव्हता, मांडीवरच्या त्या दोऱ्यात होता. टॅटिंग म्हणजे गाठींची लेस. बोटाएवढी, होडीसारखी एक शटल असते, तिच्यात दोरा गुंडाळलेला. डाव्या हाताच्या बोटांवर दोऱ्याचं कडं धरायचं आणि शटल त्याच्या खालून-वरून नेत गाठी घालायच्या. मग दोरा ओढला की कडं बंद होतं आणि पाकळी तयार होते. पाकळीच्या कडेला बारीक फास सोडायचे, मी त्यांना कान म्हणते, त्या कानांनी पाकळ्या एकमेकींना जोडायच्या. सगळी मेख एका झटक्यात आहे. गाठ घातली जाते शटलच्या दोऱ्याची, पण एक झटका देऊन ती बोटावरच्या दोऱ्यावर पलटवावी लागते. पलटली नाही तर कडं जन्मात बंद होत नाही. आणि एकदा बंद झालेलं कडं उघडत नाही, कापावंच लागतं.

अमरावतीला शाळेत शिवणाच्या बाईंनी मला हे शिकवलं. लग्न होऊन रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आले तेव्हा पेटीत दोन शटल होत्या. गेली वीस-बावीस वर्षं मी हे मुद्दाम चारचौघांत करत आले. दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या हॉलमध्ये, स्टेशनच्या बाकावर. घरात बसून केलं तर बघणार कोण, भिंती? माझी लेक मंजिरी म्हणते, "आई, लेस मीटरवर मिळते." मिळते गं बाई, सगळंच मिळतं. पण मला कुणीतरी ते हातातून हातात घ्यायला हवं होतं, बस.

लोक विचारतात, ही गोष्ट खरी. "माताजी, स्वेटर बना रहे हो?" एवढ्याशा दोऱ्याचं स्वेटर तुझ्या घरच्या मुंगीला घालणार आहेस का, असं अगदी ओठांवर येतं. एकदा दवाखान्यात गाठी मोजताना माझे ओठ हलताना बघून एक गृहस्थ जप चाललाय समजले आणि पाया पडले. मी आशीर्वाद देऊन टाकला, आपलं काय जातं! बायका जवळ सरकतात, "बड़ा बारीक काम है" म्हणतात, शटल हातात घेतात. दहा मिनिटं गाठ पलटत नाही. मग म्हणतात, "आँख खराब हो जाएगी," आणि जातात. शंभरेक जणींच्या हातात मी शटल दिली असेल. एकीनंही एक फूल पुरं केलेलं नाही.

त्या दिवशी सकाळीच डॉक्टरांनी माझ्या उजव्या अंगठ्याला पट्टा दिला होता. "ये काम अब बंद," म्हणाले. अंगठा ठणकत होता, त्यात दुलारिनचा प्रश्न. माझं डोकं फिरलं.

"जो मुझे टॅटिंग का एक पूरा फूल बनाके दिखाएगी, सीट उसकी," मी बसभर ऐकू जाईल असं म्हटलं.

बावीस वर्षं जे फुकट घ्यायला कुणी तयार नव्हतं, त्याला मी असं बसच्या खिडकीचं आमिष लावलं. तेव्हा मात्र मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं.

सोमवारी चार जणी शटल घेऊन हजर! कुठून कुठून मागवल्या होत्या. पुढचे दोन महिने मी जे सुख भोगलं ते खोटं कशाला सांगू? बसमध्ये चार माना खाली आणि चार तोंडांतून "पलटी मार, पलटी मार." आस्थापना शाखेतली मीनल दर दोन मिनिटांनी माझ्यासमोर हात नाचवायची, "वनमालाबाई, हे पहा, पुन्हा अडकलं. काहून असं होते?" मी म्हणायची, "दोरा आवळून राहिली तू. सोड जरा. नवरा आहे का तो, धरून ठेवाले?" ड्रायव्हर तुळशीरामसुद्धा आरोळी द्यायचा, "स्पीड ब्रेकर आ रहा है, धागा संभालो!" अंगठ्याचा पट्टा काढून मी पर्समध्ये टाकला होता. रात्री गरम पाण्यात हात बुडवून बसायचं आणि सकाळी परत सुरू.

पण नव्याचे नऊ दिवस. मीनलच्या मुलाची परीक्षा आली. एकीची शटल हरवली, एकीची हौस. दुलारिननं दीड पाकळी केली, मग हात जोडून म्हणाली, "दीदी, मैं चक्के ऊपर ही ठीक हूँ." शेवटचा आठवडा आला तेव्हा माझ्याशिवाय कुणाचीच मान खाली नव्हती. मी इतकी दमले होते की रागही येईना.

गंधालीला तर मी धरलंच नव्हतं. गंधाली म्हणजे सरलाची पोट्टी. सरला आणि मी पंचवीस वर्षं एका खोलीत टेबलाला टेबल लावून बसलो. ती नोकरीत असतानाच गेली आणि तिच्या जागी पोरीला अनुकंपा नियुक्ती मिळाली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. नवीन म्हणून तिची जागा सगळ्यात पुढे, इंजिनाच्या पेटीशेजारी. नाकाला लिंबू लावून डोळे मिटून बसायची. पहिल्या दिवशी तीही आली होती शिकायला. पाच मिनिटं दोऱ्याकडे बघितलं आणि शटल माझ्या हातात परत दिली.

"काय वं, एवढ्यातच कंटाळली? तुझी माय अशी नव्हती," मी म्हटलं.

"घर पे करूँगी, काकू," ती म्हणाली. घरी करेन म्हणणाऱ्या शंभर पाहिल्या होत्या मी. ही एकशे एकावी.

शेवटचा दिवस उजाडला. शाल मिळाली, नारळ मिळाला, साहेबांनी भाषणात माझं नाव वनमालाच्या ऐवजी वनिता घेतलं. संध्याकाळी बसमध्ये चढले तेव्हा सगळे उभेच. सीटचा निकाल लागल्याशिवाय तुळशीराम गाडी सुरू करेना.

"कोई नहीं जीता," मी म्हटलं. "दुलारिन, तू ही बैठ जा."

तेवढ्यात पुढून गंधाली आली. रुमालाची घडी उलगडून तिनं माझ्यासमोर धरली. आत टॅटिंगची पट्टी होती. एक नाही, चांगली तीन फुलं, एकमेकांना जोडलेली, पांढरीशुभ्र.

"अरे वा!" मीनल ओरडली. "पोट्टीनं करून दाखवलं!"

माझा ऊर एकदम भरून आला. शंभर जणींनंतर एक! मला वाटलं, तिला तिथंच कुरवाळावं. चष्मा लावला, पट्टी हातात घेतली. दोऱ्याला नीळ दिल्याचा वास येत होता. नव्या दोऱ्याला कोण नीळ देतं? मी दुसऱ्या फुलाकडे बघितलं. त्याची एक पाकळी चुकीच्या कानाला जोडलेली होती, एक घर पलीकडे.

ती चूक माझी होती. सरला बाळंत झाली तेव्हा मी तिच्या मुलीच्या बारशासाठी रात्रंदिवस खपून टोपडं केलं होतं, त्याच्या काठाला ही लेस. घाईत कान चुकला आणि कडं बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं. कापते म्हटलं तर सरलानं हात धरला. "राहू दे वं," म्हणाली, "तीट लावली समजू. दृष्ट नाही लागणार पोरीले." आता ती तीट लावलेली पोर माझ्यासमोर उभी होती. तिनं आपल्या टोपड्याचा काठ कात्रीनं कापून आणला होता आणि माझंच काम मला दाखवत होती.

खोटारडी! हा शब्द अगदी जिभेवर आला. अंगाची लाही लाही झाली. फसवलं याचा राग होताच, पण क्षणभर जो आनंद झाला होता तो असा हातातून काढून घेतला, त्याचा जास्त. मी मान वर केली. तिचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्या हातात लिंबू, नखांनी ओरबाडलेलं. बस अजून सुरूही झाली नव्हती आणि पोरीला पुढच्या तासाच्या धास्तीनंच मळमळत होतं.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. गाडी लागते ज्याला, त्यानं चालत्या बसमध्ये खाली मान घालून दोऱ्याकडे बघायचं? दोन वर्षं ही पोर इंजिनाच्या धगीत बसून जीव मुठीत धरून येत-जात होती. उघडणाऱ्या खिडकीची खरी गरज या बसमध्ये तिला एकटीला होती, आणि मी अशी अट घातली की जी तिला एकटीलाच पाळता येणार नाही. वर पाच मिनिटांत तिची माय काढून मोकळी झाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगता?

"क्या हुआ दीदी? बराबर है ना?" दुलारिननं विचारलं.

गंधाली माझ्याकडे बघेना.

"बराबर आहे," मी म्हटलं. "एकदम बराबर. सीट गंधालीची."

टाळ्या पडल्या. मीनल म्हणाली, "चला, वनमालाबाईंची विद्या राहिली बुवा!" मी गंधालीच्या हातावर नारळ ठेवला. ती खिडकीशी बसली, मी तिच्या बाजूला, आणि बस निघाली. शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या रिकाम्या इमारती मागे पडायला लागल्या, तेव्हा मी हळूच विचारलं.

"बाकीचं टोपडं कुठाय?"

तिनं मांडीवरचा नारळ फिरवला. मग म्हणाली, "अलमारी में."

"हं."

"मैंने बहुत कोशिश की, काकू. रोज रात को. पलटती ही नहीं." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मम्मी होतीं तो मारतीं मुझे."

"तिनं मले मारलं असतं आधी," मी म्हटलं. "अन् चोरी करायचीच होती तर दुसऱ्या कोणाची करायची ना वं, येडे. काच उघड. वारा घे."

तिनं काच सरकवली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "घर आऊँ सीखने? घर पे चक्कर नहीं आता."

मी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. दोन महिन्यांच्या उत्साहानं तो मुळाशी टम्म सुजला होता. आता त्यानं चहाचा कप धरला तरी खूप. गाठ तोंडानं शिकवता येत नाही. ती दाखवावी लागते, हातावर हात ठेवून.

"ये ना," मी म्हटलं. "ये. चहा पिऊ."

ती समजली असावी. तिनं डोकं खिडकीला टेकलं आणि वाऱ्यात डोळे मिटले. पाच मिनिटांत झोपली. दोन वर्षांत या बसमध्ये तिला झोपलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पट्टी माझ्या मांडीवर तशीच होती. कात्रीनं कापलेल्या टोकाला दोरा सुटायला लागला होता. उद्या गंधालीनं ती कुणाला दाखवली असती आणि बघणारी टॅटिंग जाणणारी असती, तर तिला लगेच कळलं असतं. पण जाणणारी होती कोण? तरी मी पर्समधून सुई काढली. तीनदा हुकली, चौथ्यांदा दोरा ओवला गेला. अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत जात होती. तुळशीरामनं कधी नव्हे ती गाडी हळू घेतली होती. मी सुटलेलं टोक एकेका गाठीतून आत ओढत गेले.

मागून, चाकावरच्या सीटवरून, दुलारिनचा आवाज आला. "देखो, देखो. जाते-जाते भी सिखा रही हैं."

"हव," मी मान डोलावत म्हटलं, आणि कापल्याची खूण दिसेनाशी होईपर्यंत दोरा आत घालत राहिले.