चारशे कॅलरी

आमच्या गटाच्या पिठाच्या पिशवीवर 'शंभर ग्रॅममध्ये चारशे कॅलरी' असं छापलेलं होतं, आणि त्याखाली माझं नाव. मका, सोयाबीन, शेंगदाणे भाजून दळायचे आणि लहान पोरांच्या पेजेचं पीठ करायचं, हा आम्हा बायकांचा उद्योग. कॅलरी म्हणजे अन्नातलं बळ मोजायचं माप, हे दवाखान्यातल्या कालियाटीबाईंनी शिकवलं. शास्त्रातली मूळ कॅलरी अगदी एवढीशी. जेवणाच्या हिशोबात जिला आपण एक म्हणतो, तिच्यात तसल्या हजार असतात.

नाबांडा तेव्हा हसली होती. "हजार राहू देत गं, नाफिरी. मला एकच दाखव."

तीस वर्षांपासूनची मैत्रीण ती. तिची तिन्ही बाळंतपणं मी केली. सोयाबीन-शेंगदाण्यांच्या कोठीची किल्ली तिच्याकडे द्यायला मी क्षणभरही विचार केला नाही.

यंदा पेज घट्ट होऊ लागली, पळी उभी राहीपर्यंत. आया खूश, मीही खूश. आमच्याकडे घट्ट तीच चांगली. पण माझा नातू लिम्बानी वाडगा वाडगा खायचा, तरी आंब्याला टांगलेल्या वजनकाट्यावर त्याचं वजन दोन महिने हललं नाही. तिसऱ्या महिन्यात दंडाचा घेर मोजायची पट्टी हिरव्यावरून पिवळ्यावर आली, म्हणजे पोर खंगू लागलं. मी लेकीवर तोंड टाकलं, तूच आळशी, तूच नीट भरवत नाहीस. मग पिठाचाच संशय आला, आणि ते घेऊन एकटीच दवाखान्यात गेले.

कालियाटीबाईंनी ते चिमटीत चोळलं. बोटांना तेल लागेना. नुसता मका आहे, म्हणाल्या. मका पाणी पिऊन फुगतो, थोड्याशा पिठात पेज घट्ट होते. पोट भरतं, बळ येत नाही.

मी थेट नाबांडाकडे गेले. तिनं नाकारलंसुद्धा नाही.

"पोराच्या साखरपुड्याला दोनशे माणसं," ती म्हणाली. "सोयाबीन विकलं, दाणे कुटून भाजीत घातले. बिनकुटाची भाजी वाढून नाक कापून घेऊ? आणि कॅलरी काय कुणाला दिसते?"

केसानं गळा कापला माझा. त्या दिवशीची भोपळ्याच्या पाल्याची भाजी मला आठवली, दाण्याच्या कुटानं तेल सुटलेली. मी बोटं चाटली होती. मांडवात सगळ्यांदेखत तिच्या हाताचं कौतुक केलं होतं.

"मला दिसली," मी म्हणाले. "तीन वेळा वाढलीस तू मला."

घरी आले तर लेक लिम्बानीला तीच पेज भरवत होती. माझ्या धाकानं वाडगा बोटानं पुसून शेवटचा घास त्याच्या तोंडात घालत होती.