वेबस्टरबाईंचा उखाणा

वेबस्टरबाईंना मी मराठी शिकवत असे आणि त्या मला हसायला शिकवत. हा सौदा कुणी ठरवला नव्हता, पण चालला बरा.

त्या सोलापुरात मुलींची एक लहानशी शाळा चालवायच्या. विधवेनं उंबरा ओलांडू नये असं आमच्या घरचं मत. तरी मला तिकडे जाऊ दिलं, कारण माझे दीर वेणीमाधव यांना गोऱ्या लोकांच्या ओळखीची भारी हौस. धर्म आणि हौस यांची गाठ पडली की आमच्याकडे धर्मच थोडा सरकून बसतो.

एकदा बोलता बोलता आडनावांचा विषय निघाला. मी म्हटलं, "आमचं सोपं असतं, बाई. माणूस गाव सोडतं आणि गावाचं नाव पाठीला बांधून नेतं. माहेरी मी अकलूजकर, सासरी अक्कलकोटकर. दोन्ही गावांत एक रात्रसुद्धा काढलेली नाही."

बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी स्वतःच्या आडनावाची गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी त्यांच्या देशात कापड विणणाऱ्या बाईला वेबस्टर म्हणत. त्यांच्या मुलुखात अशी कुणी एक बाई असेल, चांगली विणणारी. लोक तिच्या मुलांना तिच्याच नावानं ओळखायला लागले. मग नातू, पणतू, सगळे तेच नाव लावत गेले.

"माझे वडील मोठे करारी," बाई म्हणाल्या. "घरात बायकांना बोलू देत नसत. आणि जन्मभर एका बाईचं नाव मिरवत फिरले!"

मलाही हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "त्या विणणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव काय होतं?"

"ते कुणालाच माहीत नाही. तिच्या कामाचं नाव राहिलं, तिचं गेलं." बाई म्हणाल्या. "आणि आता तेही जाणार. माझा भाऊ लढाईत गेला. माझ्यामागे आमच्यात वेबस्टर कुणी नाही."

त्या दिवशी साखर पेठेतून घरी येताना मागांचा खडखडाट नेहमीसारखाच चालू होता. माग चालवायला पुरुष बसलेले, आणि दारात बायका सुताच्या कांड्या भरत होत्या. त्यांतल्या एकीचंही नाव मला ठाऊक नव्हतं. रोज त्याच वाटेनं जात होते, पण कधी विचारलं नव्हतं.

माझंही तेच होतं. बाई मला रुक्मिणीबाई म्हणत, सगळं जगच म्हणे. पण मी रुक्मिणी नव्हे. मी पहाटे जन्मले, पूर्वेला उजळत होतं, म्हणून वडिलांनी माझं नाव प्रभा ठेवलं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'रुक्मिणी' असं लिहिलं, कारण सासरचं दैवत विठोबा. पुढं वर्षाच्या आत तो तापानं गेला. त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही. तांदूळ डब्यात गेले, नवरा वर गेला, पण नाव मात्र मला चिकटून बसलं. आई भेटायला आली की कानाशी हळूच "प्रभे" म्हणायची. ती गेली आणि ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. कुणाच्या तरी तोंडून ते एकदा ऐकावं, एवढी एकच इच्छा मला होती. पण आपणहून कसं सांगायचं? मागून घेतलेल्या हाकेला काय अर्थ?

चैत्रात बाईंनी शाळेत हळदीकुंकू ठरवलं. मुलींच्या आया यायच्या होत्या. मडमेच्या घरचं त्या खाणार नाहीत, म्हणून कैरीची डाळ आणि पन्हं माझ्याकडे आलं. माझ्या हातची डाळ चालते, माझं तोंड चालत नाही. मी आपली मागच्या खोलीत बसले. आदल्या दिवशी बाईंनी उखाणा म्हणजे काय ते विचारून घेतलं होतं. मी सांगितलं, "नवऱ्याचं नाव एरवी घ्यायचं नसतं. चार बायकांनी आग्रह केला की यमक जुळवून घ्यायचं."

"आणि नवरा नसला तर?"

"तर कुणी आग्रहच करत नाही," मी म्हटलं.

बायका जमल्या, ओट्या भरणं सुरू झालं. दाराआडून सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "बाई, आता तुम्ही नाव घ्या!" हशा पिकला. मग बाईंचा आवाज आला, एकेक शब्द जपून टाकलेला:

"विलायतेचं सूत, सोलापूरचा माग,
रुक्मिणीबाईंचं नाव घेते, नका धरू राग."

माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली. बाहेर कुणी फिदीफिदी हसलं, कुणी म्हातारी म्हणाली, "विधवेचं नाव, अन् हळदीकुंकवात? अगं बाई!" पदर सावरल्याचे, वाट्या खाली ठेवल्याचे आवाज आले.

शाळेतली नागव्वा धावत आत आली. ती अक्कलकोटकडची, शाळेची झाडलोट करायची. "अव्वा गं! बाईसाब तुमचं नाव घेतल्या की! बायका उठून चालल्या बगा!"

मला रडू आलं. अपमानाचं नव्हे. माझ्यासाठी कुणीतरी चारचौघींत उखाणा घेतला होता, आणि त्यात जे नाव होतं ते माझं नव्हतं.

बातमी मी घरी पोचायच्या आत घरी पोचली. भावोजी दारातच उभे होते. "घराण्याचं नाव चव्हाट्यावर आणलंत," ते म्हणाले. माझं नाव कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, घराण्याचं मात्र लगेच बुडालं. दुसऱ्या दिवसापासून माझं शाळेत जाणं बंद झालं.

सगळा पावसाळा मी घरात काढला. दसऱ्याच्या सुमारास नागव्वा परसदारी आली. "शाळेत पोरी येईनात झाल्या. बाईसाब आज मुंबईच्या गाडीनं चालल्या. तितनं बोटीनं विलायतेला. परत न्हाई यायच्या. तुमी येता काय?"

मी चुलीवरचं आधण तसंच सोडून निघाले.

स्टेशनात बाई गाडीच्या खिडकीशी बसल्या होत्या, आधीपेक्षा वाळलेल्या. मला पाहून त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले. "माझ्यामुळे तुम्हांला फार सोसावं लागलं. पण ते नाव मी मनापासून घेतलं होतं."

"माहीत आहे, बाई. पण ते माझं नव्हतं."

मग मी सांगितलं. पहाट सांगितली, वडील सांगितले, तांदूळ सांगितले. बोलायला वेळ थोडा होता, म्हणून भराभर सांगितलं.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्यांनी मान खाली घातली. मग डोळे पुसून, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसून म्हणाल्या:

"विलायतेचं सूत, सोलापूरचा माग,
प्रभाबाईंचं नाव घेते, नका धरू राग."

मी ते कान भरून ऐकलं. उत्तरादाखल त्यांचं नाव घ्यावं असं फार वाटलं, पण यमक सुचेना. गाडी हलली. सबंध जगात माझं नाव घेणारं एकच माणूस होतं, आणि ते खिडकीतून हात हलवत दूर जात होतं.

घरी आले तेव्हा चूल विझली होती. आतून सासूबाईंची हाक आली, "रुक्मे! कुठं उलथली होतीस? कणीक भिजवायची राहिलीय."

"आले," मी म्हटलं.