गालमास्तर

"आज राहू दे," धाकटा म्हणाला.

मला वाटलं, पाणी गार झालं असेल. मगमध्ये बोट बुडवून बघितलं, चांगलं कोमट होतं. ब्रशवर फेस तयार होता, रेझरला नवं पातं लावून झालं होतं. त्याच्या गळ्याखाली टॉवेल खोचायला वाकलो, तर त्याने माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे बोटं ठेवली नुसती. धरण्याइतका जोर त्याच्यात राहिला नव्हता.

"का रे? पातं कालचं नाही. आत्ताच काढलंय."

"दाढी नको. आज नको... उद्या पण नको."

एवढं बोलायला त्याला तीन श्वास लागले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आजारी माणूस आहे, कंटाळला असेल. मला मात्र त्याचा अर्थ लगेच कळला.

माझ्या धाकट्या भावाच्या फुफ्फुसात काही उरलं नव्हतं. गेली अडीच वर्षं एक मशीन त्याला श्वास देत होतं. नाकातोंडावर रबरी कडेचा मास्क, डोक्यामागून दोन पट्टे. सकाळी तासभर मास्क काढायचा, तेवढ्यात तोंड धुणं, दोन घास आणि दाढी. ती रबरी कड कातडीला चिकटून बसली तरच हवा आत जाते. दाढीचे खुंट आले की कड उचलली जाते आणि हवा बाजूने पळते. एक दिवसाची दाढी चालते. दुसऱ्या दिवशी फुसफुस सुरू होते. तिसऱ्या दिवशी मशीन माणसाला कमी आणि भिंतीला जास्त वारा घालतं. म्हणून मी रोज सकाळी साडेसहाला त्याच्याकडे जायचो आणि त्याची दाढी करून मग कारखान्यात जायचो.

हे गणित मला कोणा डॉक्टरने शिकवलेलं नाही. माझं पोटच त्यावर भरत आलं आहे.

आमच्या कारखान्यात क्लोरिनच्या टाक्या भरतात. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला मास्क असतो आणि गॅस सुटला की तो तोंडावर चढवायचा असतो. दाढी असलेल्या तोंडावर मास्क आणि गोंड्याची टोपी, उपयोग सारखाच. म्हणून गेटवर गाल तपासायला एक माणूस ठेवलेला आहे. तो मी. हातात कापसाचा बोळा घ्यायचा आणि हनुवटीकडून कानाकडे उलटा फिरवायचा. कापूस अडला की माणूस अडला. त्याने एक तर बाजूच्या नळावर जाऊन दाढी करायची, नाहीतर दिवसभर गोदामात बसायचं. रजिस्टरमध्ये नावापुढे बरोबरची खूण पडल्याशिवाय कोणी आत जात नाही. लोक मला गालमास्तर म्हणतात. काही जण तोंडावर म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांना मी नळावर पाठवलं होतं. "अहो, सकाळीच केलीय," म्हणाले. म्हटलं, "साहेब, मी तुमचं ऐकू की कापसाचं?" पुढे कित्येक दिवस कॅन्टीनमध्ये हे वाक्य फिरत होतं आणि मीही ते ऐकून मनातल्या मनात फुगत होतो.

धाकटाही तिथेच होता, टाक्या भरण्यावर. मीच चिकटवला होता त्याला. आमचं दोघांचं एकाच गोष्टीवर वाजायचं, रेझरवर. मी साध्या दुधारी पात्याचा माणूस. गरम पाणी, ब्रश, भरपूर फेस, आधी सुलटा हात, मग हलका आडवा. उलटा हात कधीच नाही. धाकट्याला नवलाई भारी. त्याने पाच पात्यांचा रेझर आणला आणि मला दाखवायला घेऊन आला.

"पाच कशाला रे? पहिल्याने घाण केली तर निस्तरायला बाकीची चार?"

"दादा, तू म्हातारा झालास. एका फटक्यात लोणी!"

लोणी कसलं. त्याची दाढी राठ आणि कुरळी. पाच पात्यांनी केस कातडीखाली कापला जायचा, तिथेच वळायचा आणि पुटकुळी यायची. महिन्याभरात जबड्याखाली पिकलेल्या फोडांची माळ झाली. मी सांगून थकलो. शेवटी त्याने रेझर टाकून दिला, पण फोड काही बसेनात.

अडीच वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी तो गेटवरच्या रांगेत आला तेव्हा दोन दिवसांची दाढी होती. त्याच महिन्यात त्याला शिफ्टप्रमुख करायचं चाललं होतं. दोनदा तो दाढीपायी गोदामात बसला होता. तिसऱ्यांदा बसला असता तर ते राहिलं असतं. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "दादा, पुरळ आलंय. पातं लावलं की रक्त येतं. आजचा दिवस बघ ना." कापूस माझ्या हातात होता. मी तो फिरवलाच नाही. फिरवल्यासारखं केलं आणि खूण केली.

सकाळी अकराच्या सुमाराला एका टाकीची झडप गेली. आत सहा जण होते. सहाही जणांनी मास्क चढवले. पाच जण डोळे चोळत बाहेर आले. धाकट्याला उचलून आणावं लागलं.

चौकशी झाली. मास्क चांगला होता, रजिस्टरमध्ये खूण होती, मग गॅस आत गेला कसा? धाकट्याला चाकाच्या खुर्चीवर आणलं होतं. तो म्हणाला, "घाम आला म्हणून मीच मास्क उचलला होता क्षणभर." सेफ्टीसाहेबांनी लिहून घेतलं. मी त्याच खोलीत भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटत होतं, आता बोलावं. आत्ता बोलावं. मग सही झाली, कागद फाइलमध्ये गेला आणि आम्हाला चहा आला. मी तो चहा प्यायलो. माझी जागा राहिली आणि दोष त्याच्या नावावर गेला. त्याविषयी आम्ही दोघं पुढे कधी एक अक्षर बोललो नाही. मी दुसऱ्या महिन्यापासून रोज त्याची दाढी करायला लागलो, एवढंच.

आणि आता तो म्हणत होता, दाढी नको.

"असं बोलू नये," मी म्हणालो. असल्या वेळी माणसाला काहीतरी फालतूच सुचतं.

"दादा. मी कधी... काही मागितलं?"

"नाही."

"त्या दिवशी मागितलं. तू दिलंस." तो थांबला. छातीच्या फासळ्या वरखाली होत होत्या. "आज पण दे. दमलो मी."

"आणि तिला काय सांगू?"

ती म्हणजे माझी भावजय. ती तेव्हा मोरीत होती. मी असायचो तो तास तिचा हक्काचा. आंघोळ, धुणं आणि निवांतपणे केलेली एक वेणी. बाकी तेवीस तास ती मशीनच्या आवाजाला कान लावून असायची.

धाकट्याने डोळे मिटून घेतले. मी ब्रश धुतला, पातं पुसलं, सगळं डब्यात घातलं. भावजय केस पुसत बाहेर आली.

"झाली दाढी, दादा?"

"आज नको म्हटलं. पुरळ आलंय त्याला. दोन दिवस जाऊ देत."

अडीच वर्षांनीसुद्धा मला खोटं बोलायला दुसरं कारण सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा फुसफुस सुरू झाली होती. भावजयीने पट्टे इतके आवळले होते की नाकाच्या हाडावरचं सालपट निघालं होतं. "पट्टे सैल पडलेत वाटतं," ती म्हणाली. "नवे मागवते." तिने कुठलंसं मलम त्याच्या जबड्याला लावलं होतं, माझ्या त्या पुरळासाठी. मी धाकट्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला. खूप दिवसांनी हसला. मी मान खाली घालून बाहेर पडलो आणि गेटवर जाऊन चोपन्न गाल तपासले. त्यांतले किती नळावर पाठवले, आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती, सकाळी मी तिकडे गेलोच नाही. दुपारी भावजयीचा निरोप आला, लगेच या.

मशीन ओरडत होतं. धाकट्याचे ओठ जांभळे पडले होते आणि तो गुंगीत होता. घाबरलेला मात्र नव्हता. एवढ्या वर्षांत त्याचा चेहरा इतका सैल मी पाहिला नव्हता. घाबरली होती ती भावजय. एका हाताने मास्क दाबून धरत होती आणि दुसऱ्याने त्याला थोपटत होती. "अहो, जागे राहा. इकडे बघा. झोपू नका." मास्क नीट बसवायला तिने त्याच्या गालावरून तळवा फिरवला. मग थांबली. पुन्हा फिरवला. जबड्याखालून, हनुवटीखालून.

"दादा," ती म्हणाली, "पुरळ कुठंय?"

मी नजर वळवली.

तिला सगळं कळलं. माझ्यावर ओरडण्यात तिने वेळ घालवला नाही. धावत जाऊन तिने माझा डबा आणला, तसाच कोरडा साबण त्याच्या गालाला चोळला आणि रेझर धरला. सुरी धरावी तसा धरला होता. पहिल्याच फटक्यात कानाखाली कापलं. रक्ताची धार मास्कच्या रबरावर आली. तरी ती दुसरा फटका मारायला गेली.

मी तिच्या हातातून रेझर घेतला.

मी तो का घेतला, हे मला आजही धड सांगता येत नाही. भावाचा जीव वाचवावा म्हणून घेतला, असं म्हणायला जीभ रेटत नाही. ती त्याला कापत होती, ते बघवेना. शिवाय तो गेला असता तर त्याच्या दोन्ही वेळच्या मागण्या माझ्याच माथी बसल्या असत्या. मी डाव्या हाताने त्याचा जबडा धरला. धाकट्याने गुंगीतच तोंड पलीकडे वळवलं. एवढंसं, वीतभरसुद्धा नाही. मी ते पुन्हा माझ्याकडे वळवलं आणि दाढी केली. चार मिनिटांत, गार पाण्याने, जन्मात पहिल्यांदा उलट्या हाताने.

मास्क बसला. फुसफुस थांबली. तासाभरात ओठांचा जांभळेपणा उतरला. संध्याकाळी त्याने डोळे उघडले, मला पाहिलं आणि भावजयीकडे मान वळवली. मास्कच्या आतून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. तिने वाकून ऐकलं आणि मला सांगितलं, "उद्यापासून मी करायची म्हणतात."

"तुला कुठे येतंय?"

"शिकवा."

कोणाच्या गालावर शिकवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मी बसलो आणि गळ्याखाली टॉवेल खोचून घेतला. थोरल्या दिराच्या तोंडाला हात लावायला ती जराशी थबकली, मग तिने बोटांनी माझी हनुवटी वर केली.

"कातडी ताणून धर. रेझर दाबायचा नाही, त्याच्या वजनानेच खाली येऊ दे. सुलटा."

तिने दोनदा कापलं. मी हललो नाही.

"त्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला? दाढी नको म्हणून?"

"हो."

"मग त्यांचं तरी ऐकायचं होतं, दादा. नाहीतर माझं तरी." पातं माझ्या गळ्यावरून खाली आलं. "तुम्ही कोणाचंच धड केलं नाहीत."

खरं होतं. तोंडावर फेस असताना माणसाला मान हलवून होही म्हणता येत नाही. तिने पातं धुतलं तेव्हा मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी गेटवर—"

"माहीत आहे. पहिल्याच महिन्यात सांगितलं ह्यांनी."

अडीच वर्षं. रोज सकाळी मी आलो की ती दार उघडायची, पाणी तापवून ठेवायची, जाताना हातात चहा द्यायची.

"तरी तू मला घरात येऊ दिलंस?"

"तुम्ही दाढी चांगली करत होता," ती म्हणाली आणि दुसऱ्या गालाला साबण लावायला लागली.

ते चार दिवस धाकट्याची दाढी मीच केली. पाचव्या दिवशी तिचा हात बसला. माझ्या गालावर एकही ओरखडा आला नाही. मग ती आत गेली. मी स्वयंपाकघरातच बसून राहिलो. मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं, ब्रशचा आवाज, मग पात्याचा तो बारीक करकर आवाज. सुलटा, न थांबता. धाकट्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं. मी कान देऊन ऐकलं. कुठूनही हवा पळत नव्हती.

ती पाण्याचा मग घेऊन बाहेर आली. "येतं आता मला, दादा."

"हो. येतं."

त्या दिवशी चहा झाला नाही. मी डबा तिथेच ठेवला आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सवयीने साडेसहाला घराबाहेर पडलो. पाय त्या गल्लीकडे वळायला लागले, ते सरळ केले आणि कारखान्याकडे चालू लागलो. गेट उघडायला अजून तास होता. वॉचमनने विचारलं, "काय मास्तर, आज एवढ्या लवकर?" मी म्हणालो, "हं." आणि भिंतीच्या कडेला उभा राहिलो.