कळव्याचं निशाण आणि मी

मित्रांनो, मला डोळ्याला लावण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या. मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे, आणि माझ्या जातीला लांबचं ऐकू येत नाही. खोलीतलं बोलणं ऐकते, पण खाडीपलीकडचं मला फक्त दिसतं. या एका उणिवेने केवढा घोटाळा केला तो सांगते. त्यातलं सगळंच मला कळलं आहे असं मात्र समजू नका. सोळा वर्षं झाली, मी अजून गोंधळलेलीच आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी मुंबईच्या बाजारात आले आणि कुसगड संस्थानच्या दरबाराने मला शिकारीसाठी विकत घेतलं. घाटाच्या पायथ्याचा तो मुलूख, सगळा डोंगर आणि रान. मी सांबर दाखवावं आणि सगळ्यांनी मला शाबासकी द्यावी, असे माझे सुखाचे दिवस गेले. आगबोटीतून पेटीत बंद होऊन आले, म्हणून समुद्र मी पाहिला नव्हता आणि माझ्या मालकांनीही पाहिला नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं इथेच पेंड खाणार आहे.

मग एक दिवस दिवाणसाहेबांनी मला मखमलीच्या पेटीत घालून दौलतराव नावाच्या कारकुनाच्या हवाली केलं आणि ठाण्याला धाडलं. ठाणे इंग्रजांचं, म्हणजे दरबाराच्या दृष्टीने परका मुलूख. तिथे चेंदणीला खाडीच्या काठी, हौसाबाई कोळणीच्या माडीवर संस्थानची गुप्त कचेरी थाटली होती. लोकांना संशय येऊ नये म्हणून दाराशी घोंगड्यांचं दुकान मांडलं होतं. ठाण्याच्या त्या चिकचिकीत, अंगाला सदरा चिकटतो तिथे घोंगड्या! ही अक्कल कोणाची होती ते मला कधीच कळलं नाही.

पाळत ठेवायची होती विश्राम रणदिवे नावाच्या मास्तरांवर. कुसगडातल्या शाळेचं छप्पर गळतं म्हणून त्यांनी दरबाराला पाच अर्ज दिले होते, आणि सहावा सरळ इंग्रज साहेबाला. झालं! दरबाराचं नाक कापलं गेलं. मास्तरांना संस्थानाबाहेर काढलं. ते खाडीपलीकडे कळव्याला येऊन राहिले. तिकडे कुसगडला घरी त्यांची म्हातारी आई एकटी होती आणि तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मास्तरांनी विनवणीचं पत्र लिहिलं की मला आईकडे येऊ द्या. दरबाराने ठरवलं, सहा महिने या माणसावर नजर ठेवू. वागणूक सरळ दिसली तर परवानगी देऊ. म्हणजे एका आंधळ्या आईला तिचा लेक भेटणार की नाही, हे माझ्या काचेवर येऊन ठेपलं. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता. आता लाज वाटते.

दौलतराव माणूस वाईट नव्हते. पण दरबाराचा नियम विचित्र होता. रोजचं टिपण लिहिलंच पाहिजे, आणि त्यात 'काही विशेष नाही' असं लिहिलेलं चालत नसे. तसं सलग तीनदा लिहिणाऱ्या कारकुनाला आळशी ठरवून परत बोलावत. आता सांगा, साधा माणूस दिवसभर काय विशेष करणार? दौलतराव सकाळपासून मला डोळ्याला लावून बसत आणि विशेष शोधत.

आणि विशेष सापडलं! मास्तरांच्या झोपडीच्या दारात एक उंच बांबू होता. त्यावर ते कधी पांढरं फडकं चढवत, कधी तांबडं. तेही रोज निराळ्या वेळी. दौलतरावांनी लिहिलं, 'मिती वद्य द्वितीया. संशयिताने साडेसात वाजता पांढरे निशाण लावले. तृतीया, सव्वाआठ वाजता. चतुर्थी, नऊ वाजता.'

"पाहा पाहा, रोज पाऊण तास पुढं सरकवतोय," दौलतराव मांडीवर थाप मारून मला म्हणाले. "कोणाला मेळ लागू नये म्हणून! पक्का बेरकी आहे हा मास्तर."

मलाही तसंच वाटलं. निशाण चढलं की बांधापलीकडून मुलं येताना दिसत, पाट्या डोक्यावर धरून, एकामागून एक. मुलं आहेत, पाट्या आहेत, म्हणजे शाळा असावी, असं माझ्या मनात यायचं. पण दौलतराव म्हणत, "शाळा दहाला भरते आणि पाचला सुटते. आज साडेसातला, उद्या सव्वाआठला भरते ती कसली शाळा? सोंग आहे सगळं." त्यांचं म्हणणं ऐकलं की माझं डोकं गरगरायचं.

आणखी एक गोष्ट होती. मुलं घरी गेली की मास्तर एकटेच पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून उभे राहत. कपाळावर हात धरून बराच वेळ पाहत. मी तो डोंगर इंच इंच धुंडाळला, पण तिथे कोणी नसे. दौलतरावांनी लिहिलं, 'संशयित पूर्वेकडून कोणाची तरी वाट पाहतो.'

टिपणं कुसगडला जात होती. तिथले शहाणे त्यांवर बसून अर्थ लावत होते. पांढरं म्हणजे निरोप पोहोचला, तांबडं म्हणजे धोका आहे, असं त्यांनी ठरवलं. सहा महिने संपले. मास्तरांना परवानगी मिळाली नाही, उलट दौलतरावांना शाबासकी मिळाली. पाळत पुढे चालू ठेवण्याचा हुकूम आला. सात महिने झाले, आठ झाले.

एका शुद्ध अष्टमीला भर दुपारी हौसाबाई जिना चढून वर आली. खाली राहणारी, मासळी विकणारी, तोंडाची फटकळ बाई. दौलतरावांना मला लपवायलाही सवड मिळाली नाही.

"काय रं घोंगरीवाल्या," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आठ महिनं झालं, एक घोंगरी इकली नाय. दिसभर या नलीला डोला लावून कलव्याकरं काय बगतंस? कोनाची पोर हेरलीस का काय?"

"छे छे, हौसाबाई! आपली गंमत..." दौलतराव उठून उभे राहिले.

"मना पन बगू दे तुजी गंमत." तिने मला डोळ्याला लावलं आणि खो खो हसत सुटली. "अगो बाय! ही तं इश्राम मास्तराची साला! पांढरा लावलाय बग. सुकती लागली, आता पोरा येतील."

"सुकती?" दौलतरावांनी विचारलं.

"पानी उतरतंय ती सुकती. पोरा मिठागरावरशी येतान. मदी नाला हाय. भरतीला त्यान कमरंएवरं पानी असतं. गेल्या सालाला एक पोर वाहून गेला. तवाधरनं मास्तरानी निशान लावलंय. पांढरा लावला का पोरांनी चालत याचं, तांबरा लावला का कोनी पाय घालाचा नाय."

"पण मग रोज वेळ का बदलतो तो?"

हौसाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अरं खुल्या, भरती का कचेरीतली कारकून हाय, रोज दहाला याला? आज तिथ कंची?"

"अष्टमी."

"आठाची पावनकी बोल."

दौलतराव लहानपणी शाळेत घोकलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, सवयीने म्हणून गेले, "पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा."

"मंग सकाली सा वाजता भरती, न बाराला सुकती. साधी गोस्ट हाय. आमची पोरा पन सांगतील."

तेवढ्यात ठाण्याच्या तुरुंगावरच्या घंटेचे टोल पडू लागले. बरोबर बारा. दौलतरावांनी खिडकीतून वाकून खालच्या खाडीकडे पाहिलं.

"आणि तो डोंगराकडे काय बघतो?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"त्याची आय हाय तिकरं," हौसाबाई म्हणाली. तिचं हसू थांबलं होतं. "जाऊ देत नाय म्हनं कोनी मेलं त्याला."

ती गेल्यावर दौलतरावांनी आठ महिन्यांच्या वह्या काढल्या आणि प्रत्येक तिथीची पाऊणकी करून पाहिली. एकेक वेळ जुळत गेली. मित्रांनो, खिडकीखालीच खाडी होती. पाणी रोज चढत होतं, रोज उतरत होतं. आमची नजर मात्र निशाणावर! माझी मान दोन बोटं खाली केली असती तरी पुरे होतं. पण डोंगरातल्या माणसाला वाटे, खाडीला कधी पाणी असतं, कधी नसतं. आणि कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण कचेरी गुप्त.

त्याच दिवशी खरं लिहून पाठवायला हवं होतं. दौलतराव लिहायला बसतही होते. पण आठ महिने आपण पाण्याला कट समजलो, हे कोणत्या तोंडाने कळवायचं? त्यांनी कागद लिहिले आणि फाडले. शेवटी द्वादशीला पत्र गेलं. दरबाराचा जासूद, म्हणजे पत्रं नेणारा निरोप्या, चार दिवसांत कुसगडला पोहोचे आणि चार दिवसांत परत येई.

वद्य पंचमीला सकाळी उत्तर आलं. दौलतरावांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला कळलं. 'समुद्राचे पाणी दररोज वेळ बदलते, ही गोष्ट दरबाराच्या माहितीत नाही. खुलासा करावा.' त्यांना हसू आलं असावं, पण पुढची ओळ त्यांनी दोनदा वाचली. 'सदर इसमाची आई गेल्या शुद्ध एकादशीस वारली. ही बातमी त्यास कळू देऊ नये. तरीही त्याने सुतक पाळलेले दिसल्यास, त्याचा संस्थानात गुप्त बातमीदार आहे असे सिद्ध होईल. बारीक नजर ठेवावी.'

दौलतरावांनी मला डोळ्याला लावलं. पावणेदहा वाजले होते. मास्तर बांबूवर पांढरं फडकं चढवत होते. मग एका लहान मुलीचा हात धरून त्यांनी तिला नाल्यातून अलीकडे आणलं, आणि तिच्याशी काहीतरी बोलून हसले. रोजच्यासारखेच हसले.

दौलतराव बोटांवर मोजू लागले. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी... "अरे देवा," ते म्हणाले, "आज दहावा! आईला पाणी द्यायला एकुलता एक मुलगा, आणि तो तिकडे हसतोय."

त्यांनी मला तसंच खिडकीत रोखलेलं ठेवलं आणि जिन्यावरून धावत खाली गेले. "हौसाबाई, होडी काढा! मला कळव्याला जायचंय!" एवढं ऐकू आलं. आठ महिन्यांत हा माणूस पाण्याच्या भीतीने काठावरसुद्धा गेला नव्हता.

पुढचं मी एकटीने पाहिलं. होडी ओहोटीच्या चिखलात रुतली. दौलतराव खाली उतरले आणि गुडघाभर गाळातून धोतर सावरत निघाले. दोनदा पडले. मास्तर दारात येऊन त्यांच्याकडे बघत होते. दौलतरावांनी हात जोडले. ओठ हलत होते, पुष्कळ वेळ हलत होते. काय बोलले असतील? आधी आईचं सांगितलं असेल की आधी आपलं? मला त्या दिवशी कान हवे होते हो, फार हवे होते.

मास्तर उंबऱ्यावर बसले. एक मूल पाणी घेऊन आलं. मग मास्तर उठले, खाडीपर्यंत चालत गेले, पाण्यात उतरले आणि ओंजळ भरून त्यांनी पाणी सोडलं. दक्षिणेकडे तोंड करून तीनदा सोडलं. दौलतराव त्यांच्या मागे चिखलात उभे होते. मास्तरांनी वळून त्यांना मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. उलट वर येताना त्यांनी दौलतरावांना हाताला धरून गाळातून बाहेर काढलं. असं का केलं, हे मला आजही उमगत नाही.

दौलतराव परत आले ते चिखलाने भरलेल्या कपड्यांनीच लिहायला बसले. शेवटचं टिपण त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं. 'मिती वद्य पंचमी. संशयिताने सुतक धरले आहे. आईच्या मृत्यूची बातमी त्यास कळली. कळविणारा इसम, मी स्वतः.'

दौलतरावांची नोकरी गेली. "अष्टमीलाच लिहिलं असतं तर," असं ते हौसाबाईला पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी मोजून पाहिलं. अष्टमीचं पत्र द्वादशीला पोहोचलं असतं, आणि आई एकादशीलाच गेली. पण त्याआधीचे आठ महिने होते, त्यांचं काय? तिथे मात्र माझी मोजणी थांबते. कचेरी बंद झाली आणि जासूद उरलेल्या सगळ्या घोंगड्या मोजून घेऊन गेला. मला न्यायला मात्र विसरला. हौसाबाईने मला मास्तरांच्या शाळेत आणून दिलं.

वर्षभराने दरबाराचं पत्र आलं, ते मी शाळेच्या फळीवरून पाहिलं. मास्तरांनी ते मुलांना वाचून दाखवलं. 'आता येण्यास हरकत नाही.' "मग तुम्ही जाणार, मास्तर?" एकीने विचारलं. मास्तरांनी कागदाची घडी घातली. "कोणाकडे जाऊ, बाळा?" ते म्हणाले. मग त्यांनी बाहेर पाण्याकडे पाहिलं, तिथी मोजली आणि पांढरं निशाण चढवायला गेले.

मित्रांनो, आता माझ्या नळीला हिरवा गंज चढला आहे आणि एका भिंगावर बुरशी धरली आहे. मऊ फडक्याने ती पुसा. मला खाली आपटू नका, मी अजून पारसिकवरची झाडं मोजून दाखवीन. पण माझ्यातून एखादा माणूस दिसला आणि तो काय करतोय ते कळलं नाही, तर वहीत लिहायची घाई करू नका. आधी जिना उतरून खाली जा आणि हौसाबाईला विचारा.