आमच्या घरची फॉरेनवाली

माझी मोठी जाऊ जयवंता सत्त्याऐंशी साली मस्कतहून सुट्टीवर आली, तेव्हा तिला घ्यायला आमचे हे पांढुर्ण्याच्या स्टेशनवर दोन सायकलरिक्षे घेऊन गेले. एक तिच्यासाठी आणि एक सामानासाठी. सामान म्हणजे एक कापडी पिशवी निघाली. रिक्षा ठरवलेला होता, म्हणून ती पिशवी एकटीच रिक्षात बसून घरी आली.

'हे' म्हणजे गुणवंता, माझे यजमान. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, पण लिहायला कोणाची मनाई नाही.

माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, तापानं गेले. त्यानंतर जयवंताबाई आमच्या घरात मोठ्या मानानं राहत होत्या. मानानं म्हणजे धुणीभांडी, गाईचं दूध, संत्र्याच्या बगिच्यातल्या मजुरांच्या भाकरी हे सगळं त्यांच्याकडे, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलंही त्यांच्याकडेच. मग सौसरला माहेर असलेल्या एका डॉक्टरीणबाईंना मस्कतला पोरं सांभाळायला बाई हवी होती. ह्यांनीच लगबगीनं होकार दिला. घराला फॉरेनची शोभा येत होती, आणि भाकरी थापायला मी होतेच.

ती गेल्यापासून ह्यांनी पानठेल्यावर उभं राहून मस्कतला तिचा बंगला बांधला. पहिल्या वर्षी एक मजला, दुसऱ्या वर्षी वरचा. फ्रीज आला, गाडी आली. मला वाटतं, ती आणखी वर्षभर उशिरा आली असती तर विहीरही खोदून झाली असती.

आता ती आली म्हटल्यावर पिशवी उघडताना सगळी आळी जमली. पिशवीतून खजूर निघाले, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मलम निघालं, ह्यांच्यासाठी टॉर्च आणि माझ्यासाठी एक आरसा. पिशवी रिकामी झाली तरी ह्यांनी आत हात घालून पाहिला.

"टू-इन-वन? रेडिओ-टेप?" ह्यांनी विचारलं.

"थो कायले पाह्यजे?" जयवंताबाई म्हणाल्या. "तुमी घरात बोलून राहिले की दुसरा आवाज आयकू येते का कोनाले?"

आळी हसली. ह्यांनी विषय बंगल्याकडे नेला. तेवढाच आधार उरला होता.

"बंगला डॉक्टरसायबाचा हाय," त्या म्हणाल्या. "मले मागं एक खोली हाय. एक खाट, एक स्टो, दोन ताटं, एक खिडकी. दाराले आतून कडी हाय. शुक्रवारी सुट्टी रायते. मनात आलं तं खिचडी टाकते, नाई तं समुद्रापाशी जाऊन बसते. कुठं चालली, कोनी इचारत नाई. मी लय सुखात हावो."

आळीतल्या बायांचे चेहरे उतरले. सुखात आहे म्हणते आणि अंगावर साधी कॉटनची साडी! एवढ्या लांब विमानानं जाऊन शेवटी खिचडीच खायची, तर आमचं पांढुर्णा काय वाईट होतं, असं एकजण बोललीसुद्धा. मी मात्र त्या कडीचा विचार करत राहिले. आमच्या घरात आतून लागणारी कडी नव्हतीच. न्हाणीला पोत्याचा पडदा होता. मला तिचा हेवा वाटला, अगदी छाती जळेपर्यंत वाटला.

बंगला असा भर आळीत कोसळल्यावर ह्यांना घराची इज्जत आठवली. "घरची सून परक्याच्या घरी भांडे घासते! मी लोकाईले काय तोंड दाखवू?" आमच्या घरी घासली की ती इज्जतीची भांडी होतात, हे मला तेव्हा समजलं. ह्यांनी तिचा पासपोर्ट 'जपून ठेवतो' म्हणून घेतला, लोखंडी कपाटात टाकला आणि किल्ली आपल्या आईच्या, अंबाबाईंच्या कमरेला खोचली. जयवंताबाईंचं माहेर नदीपलीकडे सावरगावचं. तिथून त्यांचा भाऊ हिरामण याला बोलावून आणलं. हिरामणचं आणि ह्यांचं आजवर एका गोष्टीत जमलं नव्हतं. त्या दिवशी मात्र जमलं. "पाव्हने म्हनते थे बराबर हाय," असं बोलून तो दोन वेळा चहा पिऊन गेला.

जयवंताबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गोटमारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई सौसरहून निघून राहिल्या. मले त्याईच्यासंगं जायचं हाय."

"गोटमार तं होऊ दे, मंग पाहू," हे म्हणाले.

गोटमार म्हणजे आमच्या दोन गावांचा कारभार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात झेंडा बांधलेलं पळसाचं झाड रोवतात, आणि त्या झेंड्यासाठी एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांना गोटे मारतात. म्हणे, फार पूर्वी इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवून आणली, आणि नदीतच दोन्हीकडून त्यांच्यावर गोटे सुरू झाले. त्या दिवशी जो धडधाकट पुरुष घरात बसेल, त्याला पुढं वर्षभर लोक 'बांगड्या भरल्या का' विचारतात. म्हणून हे सकाळीच 'जय चंडी' करत निघाले. समोरच्या काठावर हिरामण उभा असणारच होता. म्हणजे जयवंताबाईंचे दोन्ही रखवालदार एकमेकांचं डोकं फोडण्यात गुंतले होते, आणि पहाऱ्याला एक म्हातारी होती.

मी चुलीपाशी होते. सासूबाईंनी जयवंताबाईंना जवळ बसवून हळू आवाजात काही विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण कपाटाचं दार करकरलं ते ऐकू आलं.

"पुष्पा," सासूबाईंनी हाक मारली, "इले सौसरच्या गाडीत बसवून ये."

त्या दिवशी सौसर-लोधीखेड्याकडून येणाऱ्या गाड्या गोटमार पाहणाऱ्यांनी खचाखच भरलेल्या आणि जाणारी रिकामी. तिला खिडकी मिळाली.

"पुष्पा, राग नको धरू," ती म्हणाली. "आता समदं तुह्यावर येऊन पडलं."

"राग हाय, बाई," मी म्हटलं. "पन तुमी जा."

गाडी सुटल्यावर मी स्टँडवरच रडले, तिच्यासाठी की माझ्यासाठी ते देवाला माहीत.

संध्याकाळी हे परतले. कपाळावर टाके, सोबत चार माणसं, आणि थाट असा की गडच जिंकून आणला.

"वहिनी कुठं हाय? च्या ठेवाले सांग."

"गेली मस्कतले," सासूबाई म्हणाल्या.

"कोनं जाऊ देलं? आन् पासपोट?"

"म्याच देला." सासूबाई मलम लावलेले गुडघे धरून उठल्या आणि त्या चार माणसांसमोरच बोलल्या. "इतके वर्सं तुमी दोन गावं एका पोरीपायी गोटे मारून राहिले. तिले सोताले कुठं जायचं होतं, थे तिले कोनी इचारलं होतं का? आज म्या आपल्या घरातलीले इचारलं. तिनं सांगतलं. बस."

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि तो नेमका टाक्यांवर बसला.